लाकूडवाल्याचं नाव

इमारत पाडायला घेण्याआधी मी तिच्या तुळयांवर मुठीनं ठोकून बघायचो. सागवान निरोगी असलं की भरीव आवाज येतो, वाळवीनं आतून खाल्लं असलं की पोकळ. मालक काय सांगतो, दलाल काय शपथा घेतो, याला आमच्या धंद्यात काडीची किंमत नाही. मूठ सांगेल तो भाव. माझ्या उजव्या हाताच्या पेरांवर अजून घट्टे आहेत. हस्तांदोलन करताना नवा माणूस दचकतो.

पाडकाम हा माझा धंदा. मुंबईतल्या जुन्या इमारती मोडीत घ्यायच्या, माणसं लावून उतरवायच्या आणि तुळया, खांब, दारं, कौलं ठाणे-बेलापूर रोडला महाप्याच्या अलीकडे माझ्या वखारीत आणून विकायची. लोकांना वाटतं, घण घातला की झालं. तसं नसतं. इमारत ज्या क्रमानं चढली त्याच्या उलट क्रमानं उतरवावी लागते. सगळ्यात शेवटी जे चढलं ते सगळ्यात आधी खाली. घाई केली की माल फुटतो, कधी माणूसही जातो. बांधणाऱ्याला इमारत एकदाच कळावी लागते, पाडणाऱ्याला उलटीही कळावी लागते, असं मी माझ्या माणसांना सांगायचो. बांधणाऱ्यांना हे आवडत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. वाशीला नवा फ्लॅट घेतलेल्या एका साहेबांनी माझ्याकडून कोरीव दार नेलं. दोन दिवसांनी परत आले. म्हणाले, "पाटील, दार फ्लॅटच्या छतापेक्षा उंच आहे. वरून कापून द्या." वर गणपती कोरलेला होता. मी म्हणालो, "साहेब, फ्लॅट बदला." ते रागावले, मीही रागावलो. शेवटी खालून कापून दिलं. गणपती वाचला, कडी मात्र गुडघ्याशी आली.

आणखी एक गोष्ट धंद्यातली, ती नीट लक्षात ठेवा. वखारीतून लाकूड चोरीला जातं. रंगानं नाव लिहिलं तर घासून काढतात. म्हणून मी प्रत्येक तुळईवर पटाशीनं खूण कोरायचो. दोन उभ्या रेघा आणि त्यांच्याखाली एक आडवी. ही खूण मुळात माझ्या बापाची. घणसोलीच्या खाडीला आमचं मिठाचं आगर होतं. संध्याकाळी मिठाच्या राशी लागल्या की बाप त्यांच्यावर लाकडी ठसा उमटवायचा. कोणी मीठ उचललं तर ठसा मोडलेला दिसे. माझ्या लाकडावरची खूण मात्र फार जगत नाही. गिऱ्हाइकाचा सुतार पहिल्याच दिवशी रंधा मारून ती काढून टाकतो. काढणारच. दुसऱ्याच्या खुणेचं लाकूड आपल्या घरात कोणाला हवं?

ते आगर आता नाही. सत्तरच्या दशकात नवं शहर वसवायचं म्हणून सरकारनं आमचा सगळा पट्टा घेतला. बदल्यात भूखंड देऊ म्हणाले. तो मागायला बाप जात होता, बाप गेल्यावर मी जाऊ लागलो. आजतागायत मिळालेला नाही. हे इथं लिहितोय, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर हे कुठंही लिहायला मला आवडतं.

आमच्या गावापासून सायकलीच्या अंतरावर, खाडीकाठच्या एका गावात इस्राएल लोकांची वस्ती होती. हे यहुदी. कोणे एके काळी समुद्रातून कोकणात आले, तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनवारतेली म्हटलं. बायका नऊवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र, बोलणं आमच्यासारखंच. त्यांचं एक कौलारू प्रार्थनाघर होतं. गाव त्याला मशीद म्हणायचं आणि तेही तसंच म्हणायचे.

मग परदेशात त्यांचा स्वतःचा देश झाला आणि एकेक घर तिकडं निघालं. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही. इथं दहा उरले नाहीत. त्यांच्या धर्मशास्त्राची हातानं लिहिलेली मोठी गुंडाळी असते. ती मुंबईच्या प्रार्थनाघरात सांभाळायला दिली आणि दाराला कुलूप लागलं. जमीन सरकारकडे गेली तेव्हा ते कुलूप निघालं. आतले पितळी दिवे, समया, चांदीची पेलेवजा भांडी सरकारी गोदामात गेली आणि त्या जागी मोजणीचे दांडे, डांबराची पिंपं आली. पुढे तिथूनच रस्ता काढायचं ठरलं. पाडकामाचा लिलाव निघाला. बोली माझी लागली.

पहिल्या दिवशी माझा मुकादम कान्हा दाराची चौकट सोडवत होता. चौकटीच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची एक पितळी नळी तिरपी ठोकलेली होती. कान्हानं पहारीचं टोक तिच्याखाली घातलं, तोच मागून आवाज आला.

"कान्ह्या, हात काढ!"

कान्हानं पहार टाकली आणि खरोखर दोन्ही हात पाठीमागे घेतले. चाळिशीचा मुकादम. सामूएलमास्तरांचा आवाज होता तो. आम्हा दोघांना शाळेत त्यांनीच शिकवलेलं. कान्हा चौथीपर्यंत टिकला, मी तिसरी सोडून आगरात गेलो. मास्तर आता निवृत्त, बारीक, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री.

"मास्तर, सरकारी लिलाव हाय," मी म्हणालो. "पैशे भरलेत मी."

"लाकडाचे भरलेस. ही नळी लाकूड आहे?"

"लाकडावर ठोकलेली हाय, म्हंजे लाकडात आली."

"मग त्या कौलावर कावळा बसलाय तोही तुझाच. घे उतरवून."

कान्हा हसला. मी त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला. मास्तरांनी खिशातून पेचकस काढला, नळीचे स्क्रू स्वतः सोडवले, नळी ओठांना लावली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. आत त्यांच्या देवाचं वचन असतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. मग छत्री टेकवून म्हणाले, "आता लाकडाचं बोलू. सगळं मला हवंय. तुळया, खांब, मधला चौथरा, पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट. एकही नग बाहेर विकायचा नाही."

"न्येऊन ठेवनार कुठं?"

"तुझ्या वखारीत."

"आन पैशे?"

"हुकूम आला की."

"कोनाचा?"

मला वाटलं, वर बोट दाखवतील. त्यांनी छत्री उचलून सरळ सरकारी कचेरीच्या दिशेला दाखवली. तिथं टंडन हे बडे साहेब होते, जमिनीचे सगळे हुकूम त्यांच्या सहीनं निघायचे.

मला हसूच फुटलं. "त्या टंडनचा? तो माज्या हक्काचा भूखंड देत नाय, तुमाला मशीद देनार?"

"तो कुठं देतोय? त्याच्याकडून देववतात."

मग चहा आला आणि पाडायच्या इमारतीच्या पायरीवर बसून मास्तरांनी मला ती गोष्ट सांगितली. बाबेलच्या राजानं त्यांचं मंदिर पाडलं, मंदिरातली सोन्या-चांदीची भांडी लुटून आपल्या देवाच्या कोठारात ठेवली, लोकांना धरून परमुलखात नेलं. दोन पिढ्या गेल्या. मग इराणचा राजा आला, कोरेश त्याचं नाव. यांच्या देवाला तो ओळखतही नव्हता. आणि एके दिवशी त्यानंच हुकूम काढला, की या लोकांना जाऊ द्या, यांचं मंदिर पुन्हा बांधू द्या, यांची भांडी मोजून परत करा, लबानोनातून लाकूड आणू द्या.

"राजाला काय मिळालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"कायतरी मिळालं असंल. लाकूड कोनी आनलं?"

"सोर आणि सीदोन म्हणून बंदरं होती, तिथल्या लोकांनी. ओंडके समुद्रातून तरंगवत आणले."

"त्या लाकूडवाल्याचं नाव काय?"

मास्तर विचारात पडले. "लिहिलेलं नाही."

"बघा! राजाचं नाव हाय, लाकूडवाल्याचं नाय. सगळीकडं ह्योच हिशोब."

"गणपत, एवढे प्रश्न तिसरीत विचारले असतेस तर चौथीत गेला असतास."

चहा संपला, मी उठलो. उठता उठता मनातलं विचारलं. "मास्तर, तुमची दोनी पोरं तिकडं. तुमचा देश तिकडं. तुमी हितं कुनासाठी बसलात?"

"तिकडं दिवा लावायला पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "इथला दिवा लावणारा मी शेवटचा. तो एकदा पुन्हा पेटलेला बघतो, मग जातो. मुलं तिकिटं पाठवून दमली."

मी लाकूड ठेवून घेतलं. दयेपोटी नव्हे, हे स्पष्ट सांगतो. चांगलं सागवान सावलीत ठेवलं तर सडत नाही आणि त्याचा भाव खाली येत नाही. शिवाय त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्यानं मला पाडून भाव मागितला होता आणि त्याला काहीही विकायचं नाही अशी मी भर बाजारात शपथ घेतली होती. माझ्या रागाचा मास्तरांना फायदा झाला. मी प्रत्येक नगावर माझी खूण कोरली, प्रार्थनाघराचा सगळा माल वखारीच्या एका कोपऱ्यात रचला आणि वर कौलं घातली.

टंडनसाहेब दिल्लीकडचे. मराठीचा एक शब्द येत नव्हता. आल्या आल्या त्यांनी कचेरीतली देवांची सगळी कॅलेंडरं काढायला लावली होती. "दफ्तर है, मंदिर नहीं." आमच्या गावदेवीच्या जागेसाठी गावकरी गेले तर त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. अशा माणसाकडे मास्तर अर्ज घेऊन निघाले. मी माझ्या भूखंडासाठी जाणारच होतो, म्हणून त्यांना ट्रकमध्ये घेतलं. वाटेत पढवलं.

"मास्तर, मानसं किती, ह्ये तो इचारनार. पाश्शे सांगा. सगळे वाढवूनच सांगतात, त्येला पन म्हाईत हाय. तो अर्धे धरतो."

"मग खरे अडीचशे हवेत ना?"

"तुमी निस्ते पाश्शे म्हना हो!"

केबिनमध्ये मला बघताच टंडनच्या कपाळावर आठी आली. "तुम फिर आ गए?"

"आज इनके साथ आया हूँ, साहब."

"तो चुप बैठो."

त्यांनी अर्ज वाचला. मग विचारलं, "कितने लोग हैं आपके?"

मी टेबलाखालून मास्तरांचा पाय दाबला.

"चार घर, साहब. आदमी मिलाके सात."

"सात?"

"जी. और हमारी प्रार्थना को दस लगते हैं."

टंडननं अर्ज खाली ठेवला. "मतलब, सात आदमी के लिए जगह दूँ, और प्रार्थना फिर भी नहीं होगी?"

"अभी नहीं होगी. घर होगा तो तीन और आएँगे."

"कहाँ से आएँगे?"

"वो मुझे मालूम नहीं, साहब. तीन लाना मेरा काम नहीं. घर माँगना मेरा काम है."

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर मी सौदे केले, पण आपलाच माल इतका हलका करून सांगणारा माणूस बघितला नव्हता. टंडननं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग बाजूचा नकाशा ओढला, लाल पेन्सिलीनं नाला आणि रस्ता यांच्यामधल्या एका तिकोनी तुकड्यावर खूण केली. "ये ले लीजिए." शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, "गोदाम में इन लोगों का जो सामान पड़ा है, दिए, बर्तन, सब गिनके वापस करो."

भांडी मोजून परत करा. हे वाक्य मी पायरीवर बसून, चहा पिताना ऐकलेलं होतं. टंडनला ते कोणी सांगितलं होतं? मी मास्तरांकडे बघितलं. ते टंडनकडे बघत होते. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मठ्ठ मुलानं अचानक बरोबर उत्तर द्यावं आणि मास्तरांनी त्याच्याकडे बघावं, तसे.

"साहब, और मेरा?" मी विचारलं.

"तुम बाहर जाओ."

बाहेर आल्यावर मी जो आरडाओरडा केला, त्याबद्दल कचेरीतले जुने शिपाई अजून सांगतात. सात माणसांना एका बैठकीत जागा, आणि ज्याच्या बापाचं अख्खं आगर गेलं तो बाहेर! मास्तर ट्रकपाशी शांत उभे होते. म्हणाले, "झालं ओरडून? चल, भाव ठरवू."

भावावरून आमचं दोन दिवस चाललं. मुंबईच्या त्यांच्या लोकांनी वर्गणी दिली होती, पण मास्तर ती अशी धरून बसले होते की जणू शाळेचा खडूच. मी एक आकडा सांगावा, त्यांनी टोपी सारखी करून निम्मा सांगावा. शेवटी मी माझ्याच वखारीत हरलो. हरताना म्हणालो, "नफा सोडला. पन मास्तर, त्या समुद्रावरल्या लाकूडवाल्यासारखं नको. माजं नाव लिवा."

"बघू," ते म्हणाले.

बांधकाम सुरू झालं. मी पाडणारा माणूस, पण ती इमारत मीच उतरवली होती, तेव्हा कोणता खांब कुठला हे मलाच माहीत. शुक्रवारी ऊन उतरलं की मास्तर काम थांबवायचे, शनिवारी कोणाला हत्यार हातात घेऊ देत नसत. माझे सुतार खूश. तुळया चढल्या, कौलं चढायची बाकी होती, तेवढ्यात टंडनची दिल्लीला बदली झाली.

त्या तिकोनी तुकड्यावर डोळा असलेले लोक वाट बघतच होते. तक्रारी गेल्या, की हे बांधकाम बेकायदा आहे, इथं सात माणसांसाठी जागा अडवली आहे. नवे साहेब नंबियार, केरळकडचे, कडक. त्यांनी काम बंद पाडलं आणि महिन्याभरात पाडण्याचा हुकूम काढला. पाडकामाच्या सरकारी ठेकेदारांत माझं नाव होतं. हुकूम माझ्याकडेच आला.

मी तडक मास्तरांच्या घरी गेलो आणि दारातूनच सुरू झालो. टंडनला, नंबियारला, सरकारला, बापाच्या आगरापासून सगळ्यांना शिव्या घातल्या. मास्तर ओटीवर शेंगा सोलत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "बस. त्या दिवशी चहा संपला म्हणून तू उठलास. गोष्ट संपली नव्हती."

"आता गोष्ट सांगताव?"

"कोरेश गेल्यावर तक्रारी झाल्याच होत्या. काम बंद पडलं. वर्षं गेली. मग दुसरा राजा आला, दारयावेश. त्यानं चौकशी केली आणि सांगितलं, त्या देवाच्या घराच्या कामात कोणी हात घालू नका. आणि खर्च माझ्या खजिन्यातून द्या."

"खर्च पन?"

"खर्चपण."

"मास्तर, तो खर्च द्यायचा सोडा, पाडायचा खर्च मना देतोय!"

"मग घे," मास्तर म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाडकामाचा ठेका ज्याच्या हातात, त्याच्याशिवाय दुसरा कोणी त्या इमारतीला हात लावू शकत नाही. मी नकार दिला असता तर दुसऱ्यानं दोन दिवसांत ती भुईसपाट केली असती. म्हणून मी अनामत भरली, ठेका घेतला आणि स्वस्थ बसलो. एकदा पहारी मोडल्या, एकदा माणसं गावच्या जत्रेला गेली, एकदा माझ्या पाठीत उसण भरली. पाडणाऱ्याच्या हातात इमारत इतकी सुरक्षित कधी नसेल.

एके दिवशी जीप थांबली आणि नंबियारसाहेब स्वतः उतरले. मी आणि मास्तर तिथंच होतो.

"क्यों नहीं तोड़ा?"

"साहब, आज शनिवार है."

"तुम यहूदी है?"

"मैं नहीं, साहब. लकड़ी यहूदी है."

ते हसले नाहीत. तुळयांखाली जाऊन उभे राहिले. वर आकाश दिसत होतं. मास्तरांना त्यांनी विचारलं, "किसने दिया ये जगह?"

"टंडनसाहब ने."

"क्यों दिया?"

"वो उन्हीं से पूछिए, साहब."

आता सांगा, साहेबाशी असं बोलतात? मला वाटलं, संपलं सगळं. नंबियार जीपमध्ये बसले. त्याच दिवशी त्यांनी दिल्लीला टंडनना ट्रंक कॉल लावला, हे मला कचेरीतल्या ऑपरेटरनं सांगितलं. दोघांत काय बोलणं झालं ते त्यालाही माहीत नाही, कारण बोलणं इंग्रजीत आणि थोडकंच झालं. पुढच्या आठवड्यात जीप पुन्हा आली. ज्युनियर इंजिनियर उतरला. पाडण्याचा हुकूम रद्द. शिवाय नाल्याकडची संरक्षक भिंत, विजेची जोडणी आणि दारापर्यंतचा रस्ता कचेरीच्या खर्चानं.

मी देवभोळा नाही. आमच्या देवीला नवस बोलतानाही घासाघीस करतो. पण त्या दिवशी मला भीती वाटली. आदर असतो ना, त्याच्या आत एक भीती असते, ती. ज्यांना या घराशी देणंघेणं नाही, ज्यांना त्या देवाचं नाव उच्चारता येत नाही, अशा दोन माणसांचे हात कोणीतरी धरले होते आणि हव्या त्या दिशेला वळवले होते. आणि माझा राग, माझी अनामत, माझी खोटी उसण, तीही त्यातच धरली होती.

खूप वर्षांनी टंडन निवृत्तीच्या आधी एका समारंभाला वाशीला आले होते. मी त्यांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, "प्लॉट की बात मत करना."

"नहीं करता. सिर्फ इतना बताइए, उस मास्टर को जगह क्यों दी?"

"सच बताऊँ? मैंने ना कहने के लिए मुँह खोला था," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आणि ते तीन पुरुष? प्रार्थनाघर पुरं होईपर्यंत तेही आले. एक फिटर, त्याला तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी लागली. एक त्याचाच भाऊ. आणि एक बँकेतला तरुण कारकून बेंजामिन, त्यानं नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. ज्या शहरासाठी ते घर पाडलं, त्याच शहरानं दहावा माणूस आणून दिला. मी हे कितीदा मनात फिरवून बघितलं असेल. कुठूनही बघितलं तरी हिशोब माझ्या हातात येत नाही.

कौलं चढवून मी बाजूला झालो होतो, रंधा-पॉलिश मुंबईच्या सुतारांनी केलं. उद्घाटनाच्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. दाराशी संगमरवरी पाटी होती. वर त्यांच्या लिपीत, खाली मराठीत. टंडन यांचे आभार, नंबियार यांचे आभार, देणगीदारांचे आभार. मी दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं.

मी बाहेरच थांबलो. मुंबईहून ती गुंडाळी आली, मखमलीत गुंडाळलेली, वर चांदीच्या घुंगरांचा नाद. लोक वाट देत होते, तिला हात लावून हात ओठांशी नेत होते. मास्तर सगळ्यात मागे, सावकाश चालत आत गेले. मग आतून गाणं आलं. भाषा कळत नव्हती, पण चाल आमच्या कोकणातली वाटत होती. खिडकीतून दिव्याचा उजेड दिसला, गोदामातून परत आलेला तोच पितळी दिवा. नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी मात्र रागाला सोडायला तयार नव्हतो.

प्रार्थना संपल्यावर मास्तर मलिद्याचं ताट घेऊन बाहेर आले. गोड पोहे, खोबरं, फळं. "घे. आणि आत ये."

"ज्या दारावर माजं नाव नाय त्या दारातनं मी जात नाय."

"तिसरीतही असाच वर्गाबाहेर उभा राहायचास," ते हसून म्हणाले. "बरं, मलिदा तरी खा. पण कधीतरी आत जा, गणपत. काम म्हणून जा वाटल्यास."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तर मुलांकडे गेले. मी त्यांना पोचवायला विमानतळावर ट्रक घेऊन गेलो होतो. भांडलो नाही, एवढंच. तिकडंच ते वारले.

पुढे दोन-तीन वर्षांनी बेंजामिन वखारीत आला. तोवर नव्या सेक्टरांत त्यांची आणखी घरं आली होती. "पाटीलशेठ, प्रार्थनाघरात पाणी गळतंय. एक तुळई खराब झाली की काय, बघून जाता?" काम होतं. कामाला मी नाही म्हणत नाही. कान्हाला घेऊन गेलो.

दारात चौकटीच्या उजव्या अंगाला ती नळी होती. कान्हानं कोणी न सांगता तिच्यापासून लांब राहून पाऊल आत टाकलं. पश्चिमेच्या भिंतीत ते कपाट, त्यात ती गुंडाळी, समोर दिवा तेवत होता. गळती बरोबर त्याच्या वरच्या तुळईपाशी होती. कान्हानं शिडी धरली, मी चढलो, ठोकायला मूठ वर केली आणि थांबलो.

सगळ्या तुळया रंधा मारून, पॉलिश करून आरशासारख्या केलेल्या होत्या. हीसुद्धा. फक्त मधोमध वीतभर जागा तशीच कोरी सोडली होती. पॉलिश चारी बाजूंनी येऊन तिथं थांबलेलं. त्या कोऱ्या जागेत दोन उभ्या रेघा, खाली एक आडवी.

"हितं सुतारानं रंधा मारला नाय," मी म्हणालो.

"मास्तरांनी मारू दिला नाही," बेंजामिन खालून म्हणाला. "दोन तास शिडीपाशी उभे होते म्हणे. आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो की तोंड या भिंतीकडे असतं ना, तेव्हा ती समोरच येते. मुलं विचारतात, हे काय आहे? मास्तर सांगून गेलेत तेच आम्ही सांगतो. ते लाकूडवाल्याचं नाव आहे."

आमच्या आगरावर आता दुकानांची रांग आहे. बापाचा ठसा वाळवीनं खाल्ला. या एवढ्या मोठ्या शहरात, ज्याच्यासाठी आमचं सगळं गेलं, बापाची खूण आता एकाच जागी शिल्लक आहे, आणि तिच्याकडे तोंड करून माणसं देवाचं नाव घेतात.

कान्हा खालून म्हणत होता, "शेठ, ठोका ना, भरीव हाय का पोकळ?" मी मूठ खाली घेतली. गळती कौलाची निघाली, ती काढून दिली. ती तुळई मात्र मी आजवर ठोकून बघितलेली नाही.